अकरा जणांना पुन्हा बोलावलं

तीर्थरूप आईस, तुझ्या दमलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आवाज बसलाय, पण तो फोनवर बोलून बोलून.

माझं काम काय, असं तू विचारलं होतंस. मेंदूतल्या तंतूंवर वायरीसारखं वेष्टण असतं. एमआरआयमध्ये त्या वेष्टणाला हलका धक्का द्यायचा. तो शेजारच्या पाण्यापर्यंत किती पोचतो आणि पाणी किती वेळात शांत होतं, हे मोजायचं. वेष्टण झिजलं असेल, तर आकडा घसरतो.

गेल्या सोमवारी कळलं, की धक्क्याचा जोर मीच चुकीचा भरला होता. अकरा रुग्णांची मापं वाया गेली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, गप्प बसता आलं असतं. पण ते पटेना, म्हणून सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग बोलवा सगळ्यांना परत."

दहा जण आले. अकरावे एक म्हातारे शिंपी, बोटं बधिर झालेले. ते फोनवर माझ्यावर चांगलेच उखडले. काल मात्र काठी टेकत आले आणि पाऊण तास जराही न हलता यंत्रात पडून राहिले. मी माफी मागितली, तर म्हणाले, "पोरी, उसवून पुन्हा शिवायला मी कधी लाजलो नाही. तू कशाला रडतेस?"

मी रडत नव्हते गं, नुसती दमले होते.

तुझ्या पायाला मुंग्या येतात, हे मला बाबांकडून का कळावं? उद्याच डॉक्टरांकडे जा. त्यांनी चारदा बोलावलं, तरी न कुरकुरता जा.

तुझीच,
धाकटी