तीन चुकांचा नियम

चि. भाच्यास,

मावशीचे आशीर्वाद. पाठदुखीवर उपचार म्हणून तू नवी खुर्ची घेतलीस, असं ताईकडून कळलं (खुर्चीतून उठणं हा उपचार कोणाला सुचला नाही का?). माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र तुझ्यामुळे फिरलं आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि ईमेल करायची तर मला वाचनालयातल्या संगणकावर बसता यायला हवं. ते येत नाही, कारण तू तिथे सर्व्हर बसवून गेलास.

बसवलास तेव्हा मला कौतुक वाटलं होतं, हे मान्य करते. पूर्वी सात संगणक, सातांचे सात पासवर्ड, आणि सातही पडद्यांखाली चिकटवलेले. तू सगळ्यांची मिळून एकच यादी केलीस, ती कपाटातल्या त्या घरघरणाऱ्या डब्यात ठेवलीस आणि म्हणालास, मावशी, आता माणूस कुठल्याही संगणकावर बसो, डबा त्याला ओळखणार. दोनशे बारा सभासदांची नावं मी स्वतः तपासून दिली (त्यातले नऊ वारलेले निघाले, मागच्या निवडणुकीत त्यांनी अध्यक्षांना मत दिलं होतं). मग जाता जाता तू तो नियम केलास. तीनदा पासवर्ड चुकला की खातं दिवसभर बंद. एका संगणकावर चुकला तरी सातांवर बंद.

आमचे अध्यक्ष म्हणजे ते निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षं समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानेच बोलायची सवय झालेला माणूस. येत्या रविवारी वार्षिक सभा आहे, आणि अकरा वर्षं मी सांभाळलेलं चिटणीसपद त्यांना आपल्या मेहुणीला द्यायचं आहे. छत गळून तीनशे पुस्तकं भिजली ती कोणाच्या आळसामुळे, हे माझ्या अहवालात तारखांसकट आहे, आणि अहवाल माझ्या खात्यात आहे. म्हणून रोज सकाळी दार उघडताच हे गृहस्थ पहिल्या संगणकावर बसतात, माझं नाव घालतात, पासवर्डच्या जागी तीनदा काहीतरी बडवतात आणि शांतपणे वर्तमानपत्र वाचायला जातात. (ग्रंथपाल बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. साक्ष देणार नाहीत. त्यांची बढती अध्यक्षांच्या सहीवर अडली आहे.) प्रत्येक संगणकाचा कारभार वेगळा असता, तर त्यांना सातही ठिकाणी जावं लागलं असतं, आणि त्यांचे गुडघे पाहता ते तिसऱ्यापाशीच थकले असते. तू त्यांची पायपीट वाचवलीस.

मी विचारायला गेले तर साखर पेरत म्हणाले, "बाई, या वयात विसरायला होतं. मनाला लावून घेऊ नका." एकाहत्तराव्या वर्षी मला कॉन्व्हेंट शाळेतल्या माझ्या वर्गातल्या बत्तीस मुलींचे हजेरी क्रमांक पाठ आहेत, सिस्टरांनी दिलेल्या शिक्षांसकट. बंद खाती त्याच दिवशी उघडायचा मुख्य पासवर्ड तू लखोट्यात ठेवलास आणि अध्यक्ष व चिटणीस दोघांच्या सह्यांशिवाय तो फोडायचा नाही असं ठरवलंस. ते सही करत नाहीत. म्हणतात, तुमच्याच भाच्याचा नियम, आपण कसा मोडायचा? तेव्हा शनिवारी पहिली गाडी पकड आणि ये.

तुझी,
मावशी

ता. क. – पत्र दोन दिवस पिशवीतच राहिलं. दरम्यान लखोटा मी किटलीच्या वाफेवर उघडला आणि परत चिकटवलाही. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमची पत्रं उघडून वाचत. परत कशी चिकटवायची हे आम्ही त्यांचं पाहूनच शिकलो.) खातं उघडलं. अहवालाच्या पन्नास प्रती छापून झाल्या.

आणखी एक – तेव्हा शनिवारी मुळीच येऊ नकोस, आणि रविवार संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा फोन आला तर घेऊ नकोस. डब्यात हात घातलाच होता, म्हणून मी त्यांचं नाव समितीच्या गटातून काढून बालविभागाच्या गटात टाकलं. त्यांचं सभेतलं भाषण समितीच्या कप्प्यात आहे, आणि तो कप्पा आता त्यांना दिसत नाही. काल तासभर बसून शोधत होते. संगणकाने त्यांना मासा रंगवायला दिला आणि पाच वाजता, मुलांची वेळ संपताच, बाहेर काढलं. मासा बरा जमला होता.