बाबा मजला भरतात

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकून हे लिहिण्यापुरतंच, कंबर धरली आहे, का ते पुढे येईल). तुझा खोकला, भावोजींचे गुडघे आणि मुलांचे अभ्यास हे तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून मीही लिहितो.

तुझं पत्र मिळालं. बाबांना कायमचं तुझ्याकडे न्यायला पुढच्या महिन्यात येते आहेस, हे मी वाचलं, तुझ्या भावजयीने वाचलं, आणि मग आम्ही दोघांनी ते कपाटात ठेवलं. बाबांना अजून दाखवलेलं नाही. तू म्हणतेस, आई गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नाहीत, पेपर उघडत नाहीत, जेवता का विचारलं तर 'असू दे', झोपता का विचारलं तर 'असू दे', मग त्यांना तिथे ठेवून काय उपयोग? खरं आहे तुझं. तू शेवटची आलीस तेव्हा हे असंच होतं. पण होय-नाही सांगायच्या आधी मधल्या काळातली हकिकत तुला कळवायलाच हवी, कारण बाबा त्या खुर्चीतून उठलेले आहेत. ते दुसऱ्या खुर्चीत बसले आहेत आणि ती खुर्ची माझ्या ऑफिसात आहे.

माझं काम तुला माहीत आहे (भावोजींना अजून वाटतं की मी इमारत बांधतो, त्यांना वाटू दे). इमारत बांधणारे वर असतात. मी खाली असतो आणि बांधून झालेले मजले कंपन्यांना ऑफिससाठी भाड्याने देतो, म्हणजे द्यायचे असतात. आमची इमारत इतकी उंच आहे की शेंडा बघायला मान मागे टाकली की डोक्यावरचं हेल्मेट पडतं. वर क्रेन फिरते आहे, काँक्रीट चढतं आहे, आणि वरची मंडळी कामाला वाघ आहेत. त्यांनी एक मजला चढवला की आमच्याकडे एक रिकामा मजला वाढतो. जितकं काम जास्त तितकं नुकसान जास्त, असा हा आमचा धंदा. त्यातून समोर रस्त्यापलीकडे दुसऱ्या कोणीतरी तसलीच इमारत उभी केली आहे, तीही रिकामी. त्यांचा भाड्याने देणारा आणि मी, दोघंही आपापल्या काचेशी उभे असतो. परवा त्याने हात केला. मीही केला. पूर्वी कंपन्या जागा शोधत हिंडायच्या, आता जागा कंपन्यांना शोधत हिंडते, कारण निम्मे लोक घरूनच काम करतात आणि उरलेल्या निम्म्यांना घरी जायचं असतं.

आमचे साहेब (आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना 'टोलेजंग' म्हणतो, कारण हा शब्द त्यांच्या प्रत्येक वाक्यात असतो, उंचीने ते माझ्या खांद्याला लागतात) यांनी यावर पुष्कळ विचार केला. पाहुणे लिफ्टमधून बाहेर येतात, गालिच्यावरचं प्लास्टिक पायाखाली करकरतं, आवाज घुमतो, मग ते इस्पितळात आल्यासारखे हळू बोलायला लागतात आणि कळवतो म्हणून निघून जातात. कळवत कोणीच नाही. साहेबांचं म्हणणं पडलं की रिकाम्या खानावळीत पहिला कोणी शिरत नाही, तेव्हा एक मजला आपणच भरायचा. टेबलं मांडायची, कुंड्या ठेवायच्या आणि माणसं बसवायची. माणसं कुठून आणायची? तर आपापल्या घरून. प्रत्येकाने घरातलं एक रिकामं माणूस आणावं, इस्त्रीचे कपडे घालून, आणि त्याने संगणकासमोर कामात असल्यासारखं बसावं. डुलकी घ्यायची नाही आणि पाहुण्यांशी बोलायचं नाही, एवढ्या दोनच अटी.

स्वागतकक्षातल्या मुलीने तिच्या दोन मावश्या आणल्या. वायरमनने सासरे आणले, रखवालदाराने मेहुणा. मी कोणालाच आणणार नव्हतो, पण तुझी भावजय म्हणाली, बाबा घरी भिंतीकडे बघत बसतात, तिथे निदान पडद्याकडे बघतील. मी विचारलं, येता का? ते म्हणाले, असू दे. मला तो नकार वाटला. सकाळी बघतो तर दाढी करून, बूट चकचकीत करून, दाराशी उभे.

ताई, ज्या माणसाने पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक विभाग उभ्या हयातीत सांभाळला, त्याला नुसतं बसायला सांगणं ही आमची पहिली चूक. बाबांनी आल्या आल्या दाराकडे तोंड करून असलेलं टेबल धरलं. पहिला दिवस ते गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्या मावशींना विचारलं, तुमच्याकडे कुठलं काम आहे? त्या विणत होत्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे काही नाही हो, आम्ही नुसत्या आलो आहोत. यावर बाबांनी त्यांना मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्यांवर बसून कुरकुरणाऱ्या वेगळ्या काढायचं काम दिलं. धाकट्या मावशींना कुंड्या. वायरमनच्या सासऱ्यांना खिडक्या, कुठली नीट लागते आणि कुठली लागत नाही ते बघायला. आठवड्याच्या आत आमच्या खोट्या मजल्यावर खऱ्या ऑफिसापेक्षा जास्त काम चालू झालं. वेळेवर यायचं, जेवणाची सुट्टी सगळ्यांनी एकदम घ्यायची, आणि मधेच खाली चहाला जायचं तर सांगून जायचं. वायरमनचे सासरे वैतागले आणि त्यांनी राजीनामा दिला (नोकरी नव्हती, राजीनामा मात्र लेखी). बाबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, आधी खिडक्या संपवा. ते संपवायला परत आले! आता त्यांना घरी करमत नाही, असं वायरमन सांगतो. धाकट्या मावशी माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या की त्यांना दुसऱ्या भाचीकडे जायला रजा हवी आहे आणि तुमचे वडील देत नाहीत. मी म्हटलं, मावशी, तुम्ही इथे नोकरीला नाही, तुम्ही खुशाल जा. त्या म्हणाल्या, तसं कसं, त्यांना विचारल्याशिवाय कसं जायचं?

आणि मग आल्या चष्म्याच्या कंपनीच्या मालकीणबाई. बाई बारीक नजरेच्या (धंदाच तो). त्यांना दोन मजले बघायचे होते, एक आमचा भरलेला आणि एक त्याच्या वरचा. साहेबांना घाम फुटला. वरचा मजला रिकामा होता आणि इमारत टोलेजंग चालते आहे असं साहेबांनी फोनवर आधीच सांगून ठेवलेलं. तेव्हा ठरलं असं की बाईंना खालचा मजला दाखवून लिफ्टने सावकाश वर न्यायचं (लिफ्टला अजून आतून फळ्या ठोकलेल्या आहेत आणि ती सावकाश जायला आपली आपणच तयार असते), आणि तेवढ्यात सगळ्या मंडळींनी जिन्याने वर पळायचं, कुंड्यांसकट. मोठी कुंडी मी उचलली. कंबर तिथेच गेली. अर्ध्या जिन्यात मी कुंडी धरून उभा, वर जाता येईना की खाली येता येईना, आणि माझ्या बाजूने दोन्ही मावश्या, वायरमनचे सासरे आणि रखवालदाराचा मेहुणा आपापली झाडं छातीशी धरून पळत गेले. बाबा जागचे हलले नाहीत. मी जिन्यातून ओरडलो, बाबा, चला! ते म्हणाले, माझी बदली झालेली नाही.

वर काय झालं ते मी पाहिलं नाही, पण ऐकलं. बाई लिफ्टमधून उतरल्या, तर समोर थोरल्या मावशी तेच विणकाम घेऊन धापा टाकत बसलेल्या. बाईंनी विणकामाकडे पाहिलं. त्या सरळ वळल्या आणि जिन्याने खाली आल्या (मी कुंडीमागे होतो, त्यांनी मला 'नमस्कार' म्हटलं). खालच्या मजल्यावर एवढ्या सगळ्या टेबलांत एकटे बाबा. बाईंनी विचारलं, बाकीचे कुठे गेले? आणि ताई, आपल्या बाबांनी उत्तर दिलं, वर गेलेत, तुम्हाला दाखवायला.

मला वाटलं, झालं, माझी नोकरी गेली. बाई मात्र खुर्ची ओढून बसल्या. तुमची कंपनी करते काय, म्हणाल्या. बाबा म्हणाले, कंपनी नाही, मी या जिन्यातल्याचा बाप आहे. मग बाईंनी विचारलं की जागा कशी आहे, आणि बाबांनी सांगितलं की दुपारी या बाजूला ऊन येतं, लिफ्टची वाट बघावी लागते, वरचं काम चालू असलं की धूळ येते, पण उजेड चांगला आहे आणि माणसाला बसवतं. आई गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं सलग ऐकली नव्हती. मी कुंडीला धरून रडलो, हे तुला म्हणून सांगतो. साहेबांना वाटलं कंबरेमुळे.

बाईंनी आमच्या खालचा अर्धा मजला घेतला, ऊन येत नाही त्या बाजूचा. साहेब आता सगळीकडे सांगत सुटले आहेत की हे सगळं त्यांनी आखलेलंच होतं. त्यांनी बाबांना पगारावर ठेवतो म्हटलं. बाबा नको म्हणाले, मी असाच येतो म्हणाले. बाकीचे मजले रिकामेच आहेत, त्यामुळे आमची खोटी कचेरी चालूच आहे. बाबा पेपर उघडतात, टायची गाठ नीट नाही म्हणून मला दाराशी थांबवतात, आणि रात्री झोपतात.

हे सगळं खरं असलं तरी तुझं म्हणणं मला पटतं. ते तुझेही वडील आहेत. तुझ्याकडे अंगण आहे, नातवंडं आहेत, धूळ नाही. बापाने या वयात दुसऱ्याची इमारत भरलेली दाखवायला बसावं हे काही शोभत नाही. इमारत आज ना उद्या भरेल, मग त्यांना उठावंच लागेल. तेव्हा तू ठरल्याप्रमाणे ये. त्यांना मी सांगेन, आणि बॅगही मीच भरेन. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. ताई, वरचा शेवटचा परिच्छेद मी तुझ्या भावजयीला वाचून दाखवायला लिहिला. ती म्हणाली, शहाण्यासारखं लिहिलंत. आता खरं लिहितो. त्यांना नेऊ नकोस. कारण त्यांचं नाही, माझं आहे. आम्ही सकाळी बरोबर निघतो. लहानपणी ते मी उठायच्या आधी कामावर गेलेले असायचे, आणि मोठा झाल्यावर मीच त्यांच्या आधी निघायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा बाप आणि मी एका लिफ्टमध्ये उभे असतो. बोलत काहीच नाही. दुपारी ते माझ्याजवळ येऊन बसतात आणि आम्ही जेवतो. त्यांना एकट्याला घास जात नसणार. तू मोठी आहेस, तुझा हक्क आधी, हे मला मान्य आहे. तरी मागतो. अजून काही दिवस राहू दे त्यांना माझ्याकडे.

चि. मोठीस बाबांचे आशीर्वाद. धाकट्याने पाकीट टाकायला दिलं, ते उघडं होतं. वाचायला नको होतं, वाचलं. तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आहे. मी कुठे राहायचं हे तुम्ही दोघं परस्पर ठरवता आहात, त्याबद्दल समोर आलात की बोलेन. पहिल्या दिवशी सूनबाईंनी पाठवलं म्हणून गेलो. परत जाणार नव्हतो. दुपारी त्याला शोधायला गेलो, तर तो जिन्यात पायरीवर एकटा बसला होता. डबा उघडा, आणि दोन घास खाऊन तो पुन्हा झाकत होता. एवढी मोठी इमारत आणि पोराला बसून जेवायला माणूस नाही. तुझी आई गेली तेव्हा सगळे मला बघत होते. त्याचीही आई गेली, हे माझ्या लक्षात त्या जिन्यात आलं. ती असती तर तिने विचारलं असतं. मला विचारता येत नाही, म्हणून रोज जाऊन शेजारी बसतो. आता तो डबा संपवतो. एवढ्यात मला येता येणार नाही. त्याला यातलं काही लिहू नकोस, तो मला सांभाळतो आहे असं त्याला वाटतं आणि त्याने बरा राहतो. तू मात्र ये. न्यायला नको, चांगली राहायला ये. तुझीही आई गेली, आणि तू कशी आहेस हे मी तुला अजून विचारलेलंच नाही.