कोरी करकरीत कार्डं

प्रिय छोटी,

आधी पोटभर हसून घे, कारण परवा माझ्या पहिलीच्या वर्गानं मला मोठ्या बाईंसमोर साफ तोंडघशी पाडलं. आणि तुझी ही ताई तेव्हापासून नुसती खुशीत आहे.

तुला ठाऊकच आहे, मी पोरांना अक्षरं न जोडता पाहताक्षणी वाचायचे शब्द शिकवते. 'आणि', 'पण', 'कुठे', 'म्हणून' असले. त्याचा केवढा थाट मांडलाय मी! प्रत्येकाच्या नावाचं पाकीट, त्यात आठवड्याचे पाच शब्द, जोडीजोडीनं सराव, आणि शुक्रवारी जुन्यानव्या वीस शब्दांची परीक्षा. मी दर वेळी त्याच गठ्ठ्यातलं कार्ड दाखवायचं, मोठ्यानं तीनपर्यंत मोजायचं. तेवढ्यात वाचलं तर बरोबर, नाहीतर चूक. पोरं अशी धडाधड वाचायची की मी हवेतच होते. अडायची ती एकटी गोगलगाय. नाव पोरांनी ठेवलेलं, पण खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मीही तेच म्हणायचे. महिन्यापूर्वी दुसऱ्या शाळेतून आलेली. कार्डाकडे बघत बसायची, ओठ हलायचे, तोवर माझे तीन संपायचे. विसातले चार. मोठ्या बाई म्हणाल्या, या शुक्रवारी मी स्वतः बसते, पंधरा आले नाहीत तर पोरीला बालवर्गात परत पाठवू. ते ऐकून तिची आई शाळेच्या पायरीवरच मटकन बसली. मी शेजारी मान खाली घालून उभी, कारण ते चार मांडणारी मीच ना.

आता बाई येणार म्हणून मी हौसेनं कोरी करकरीत कार्डं केली. जुन्यांची पार रया गेली होती. एकावर माझा चहा सांडलेला, एकाचा कोपरा कुरतडलेला, एकावर कुणाच्या तरी शाईच्या बोटाचा ठसा. पहिला उठवला तो आमचा तुफान, वर्गातला सगळ्यात हुशार. कार्ड नीट निरखून बघितलं. मग त्यानं ते उलटं केलं, वाससुद्धा घेतला, आणि मला विचारतो, "बाई, याच्यावरचा चहा कुठे गेला?" अगं, 'म्हणून' हा शब्द तो इतके दिवस डागावरून ओळखत होता! मग एकामागून एक सगळे आडवे. कुणी कोपरा शोधतंय, कुणी शाई. मोठ्या बाई रुमालाआड हसतायत आणि मला कुठे तोंड लपवू असं झालेलं. त्या गोंधळात गोगलगाईची पाळी आली तेव्हा मी मोजायचंच विसरले. तिनं मात्र नेहमीसारखंच केलं. बघितलं, ओठ हलवले, वाचलं. आमचे डाग त्या नव्या पोरीला कुठले माहीत, ती पहिल्या दिवसापासून शब्दच वाचत होती. विसातले अठरा! मोठ्या बाई उठता उठता म्हणाल्या, "पोरगी इथेच राहील. तुमचं ते मोजणं तेवढं बंद करा." मी पळतच जाऊन तिच्या आईला सांगितलं. किती तरी वेळ ती माझा हात सोडेना.

त्याच आनंदात घरी आले, जेवायला बसले, आणि पहिल्याच घासाला तू आठवलीस. मी अकराची, तू सहाची. पुठ्ठ्याची कार्डं करून मी तुझी मास्तरीण व्हायचे, तीन मोजले की कार्ड ओढून घ्यायचे, आणि बाबांना ठणकावून सांगायचे की हिला काही येत नाही. त्यांनी तुला एक वर्ष मागे बसवलं. तेव्हापासून तुझं एकच, माझं डोकंच चालत नाही. गेल्या आठवड्यात फोनवरही तेच म्हणालीस, की शिलाईच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायची लेखी परीक्षा मला झेपायची नाही, फॉर्म भरतच नाही. छोटी, तुला येत होतं गं. मलाच थांबता येत नव्हतं. माझं चुकलं, आणि हे मी तुला फार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे ना, तो फॉर्म भर. पेपर तीन तासांचा आहे. पहिला प्रश्न दहादा वाचावा लागला तर दहादा वाच, आणि सगळ्यांच्या शेवटी ऊठ.

तुझीच, उतावळी
ताई