चांदी भरलेल्या दाढेची तपासणी

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार
उजवीकडची खालची दाढ भरून घेतली. चावायला आता तेवढी एकच उरलीय. ईदच्या शीरखुर्म्यातल्या खारकेनं तिचा खड्डा उघडा पाडला. डॉक्टरीण प्रगती म्हणाली, "चाचा, मागच्या दाढेवर सगळा भार येतो. पांढरा मसाला तिथं झिजतो, चांदी-पाऱ्याचा टिकतो. पण उद्यापर्यंत या बाजूनं चावू नका, तो कडक व्हायचाय."
माल पक्का असेल तर मुदत कशाला? चांदी कमी, पारा जास्त. नक्की.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
मुदत संपली. ठरवलं, आपणच तपासायचं. बत्तीस वर्षं शिरूरच्या बाजारात दाणा दाताखाली फोडून ज्वारी वाळली का ते सांगितलं. दाताला दाणा कळतो, तर दाण्यावरून दात कळेलच. बाजरी: पास. ज्वारी: पास. बायको जन्नतबी म्हणाली, "खाना है तो खाव, इम्तिहान क्या लेते?" तिला सायन्स कळत नाही.

७ फेब्रुवारी
भाजका हरभरा: पास. दाढेत कळ आली. पारा मुरत असणार.
शाळेच्या कवितेत कणसाला मोत्यांचे दाणे असायचे. गुरुजींपुढं हाताची घडी घालून खणखणीत म्हणायचो. तोंडात सगळे दात. मोती चावून कुणी बघितला नव्हता.

१० फेब्रुवारी
एसटीनं दौंड. तिथल्या डॉक्टरला दाढ दाखवली, कुणी भरली ते सांगितलं नाही. म्हणाला, "मसाला फस्क्लास हाय बाबा. पण दाढेची भिंत पातळ झालीय, तिला जपा. कॅप बसवा."
दोघं एकमेकांना सामील. पाट्यासुद्धा एकाच निळ्या रंगाच्या.

११ फेब्रुवारी
ज्ञानदेव नव्या ज्वारीची मूठ घेऊन आला. "चाचा, वाळली का बघा." अजून मलाच विचारतात. फोडली. म्हटलं, दोन दिवस ऊन दे. कळ जरा जास्त. उद्या सुपारी. मग निकाल.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४
कट्‌ आवाज आला. सुपारी फुटली वाटतं.

१२ फेब्रुवारी, ४.१०
सुपारी अख्खी आहे.

१३ फेब्रुवारी
दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. काढली. प्रगतीनं ट्रेमध्ये दाखवली. चांदीचा कोपरासुद्धा उडाला नव्हता. "बघा चाचा, मसाला पास." मी तिला सांगितलं, माल चोख आहे, माझी आता काही तक्रार नाही.
जन्नतबीनं भाकरी दुधात कुस्करून दिली. लेकरांना देतात तशी, कडा काढून.