खिडकीखालची जमीन टोचू नये

मी, या घराची मालकीण, धंद्याने शिवणकाम करणारी, आता सुईत दोरा ओवू न शकणारी पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी नाही. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी पटकन सांगितला. खात्री करायला त्यांनाच कॅलेंडर बघावे लागले.

कलम १. घर, सामान आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती लांब राहते. दर रविवारी न चुकता फोन करते आणि दर फोनला म्हणते, "अगं आई, त्या गवताचं काय घेऊन बसलीस? फरशी टाक आणि मोकळी हो." म्हणून अट अशी की मागच्या अंगणात फरशी, सिमेंट किंवा प्लास्टिकचे हिरवे गवत घालू नये. घर विकल्यास ही अट घेणाऱ्याच्याही गळ्यात बांधावी. तसे करता येत नाही, असे वकिलीणबाई म्हणतात. तरी मी लिहिले आहे.

कलम २. शिवणयंत्र कोपऱ्यावरच्या शिंपिणीला द्यावे. मोठी कात्री मात्र माझ्या नणंदेच्या हाती लागू देऊ नये. तिने एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, आणि वर मलाच म्हणाली, "एवढं काय त्यात!"

कलम ३. यजमानांच्या खिळे ठोकलेल्या चपलाही मुलीलाच द्याव्यात. गवताच्या मुळांना हवा लागते, हे त्यांनी कुठेतरी ऐकले आणि जुन्या चपलांच्या तळव्यांना लांब खिळे ठोकून ते अंगणभर धपाधप चालत सुटले. खिळ्याने भोक पडते खरे, पण आजूबाजूची माती आणखी दाबली जाते. मी सांगून थकले. शेवटी एक चप्पल जमिनीत रुतून बसली आणि हे एका पायावर उभे राहून ओरडू लागले, "अगं, हसतेस काय, हात दे!" मुलगी आणि मी हसून हसून खाली बसलो. ते गेल्यावर त्या चपला टाकवल्या नाहीत.

कलम ४. पोकळ नळ्यांचे दाताळे. हे मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले. पायाने दाबले की नळीत मातीची कांडी येते आणि वर उपसली जाते. हे काम वर्षातून एकदा करावे, जमीन ओलसर असताना. चिखलात नाही, कोरड्यात तर नाहीच. कांड्या उचलू नयेत, त्या आपोआप विरघळतात. वरून चाळलेले खत आणि थोडी वाळू पसरावी, टक्कल दिसेल तिथे बी टाकावे. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा क्वचित पण मुरेपर्यंत द्यावे. गवत फार खाली कापू नये.

मुलगी लहान असताना तिच्या मैत्रिणी दोरीच्या उड्या मारून अंगणाचा दगड करून ठेवायच्या. दाताळे रुतवताना माझे गुडघे बोलायचे, आणि मी त्या पोरींच्या नावाने खडे फोडायचे. मग एका वर्षी दाताळे टेकवले आणि ते लोण्यात सुरी जावी तसे आत गेले. इथे, तिथे, सगळीकडे. त्या दिवशी मी दांड्याला धरून रडले. जमीन दबायला माणसे यावी लागतात.

फक्त एका जागी दाताळे अडले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हातभर जमीन टणक झाली होती, आणि शेजारी काठीच्या टोकाचे गोल ठसे होते. काठी घेऊन चालणारे इथे एकच आहेत, शेजारचे घड्याळजी. त्यांच्याशी माझे बोलणे बंद आहे. "बाई, तुमचं गवत माझ्या हद्दीत येतंय," म्हणाले होते. मी म्हटले, "मग त्यालाच हद्द दाखवा, मला काय सांगता?" त्यांनी कुंपणाच्या कडेला मिठाचे पाणी ओतले आणि माझा एक अख्खा पट्टा जाळला. हे मी विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पडद्याआड उभी राहिले. ते कुंपणाच्या फटीतून आले, खिडकीखाली थांबले. मी पडदा सरकवू लागताच वळून गेले. मी उठले की नाही, एवढेच बघायला येतात. तेव्हापासून अंगात ताप असला तरी मी वेळेवर पडदा सरकवते.

हे दाताळे घड्याळजींना द्यावे. जळालेल्या पट्ट्यापासून त्यांनी सुरुवात करावी.

कलम ५. खिडकीखालची जमीन कोणीही, कधीही टोचू नये. या अंगणात कोणी येत होते, याची तेवढीच खूण आहे.

ज्या सकाळी पडदा सरकणार नाही, त्या सकाळी ते सर्वांत आधी घड्याळजींनाच कळेल. म्हणून मुलीचा फोन नंबर मी खिडकीच्या काचेला बाहेरून दिसेल असा चिकटवला आहे. काल पहाटे त्यांनी तो चष्म्यातून वाचला. मग घड्याळे दुरुस्त करायचे भिंग डोळ्याला लावून पुन्हा एकदा, अंकाअंकावर थांबत वाचला. माझा हात पडद्यावरच राहिला.

आमचे बोलणे अजून बंद आहे.

सही: घरमालकीण (अक्षर थरथरते, मन नाही)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. वेल्डिंगवाला
(घड्याळजींची सही हवी होती, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलीणबाईंचे मत पडले.)

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल, खिडकीलगत
दिनांक: नऊ ऑक्टोबर, सकाळी, पडदा सरकवल्यानंतर