चौथा पट्टा

आई, काल तुझ्या लाडक्या विद्यार्थिनीकडे जाऊन आलो. तिच्या नातीचं बारसं होतं. घोटावड्याला शेतातच तिने मोठं घर बांधलंय आणि बैठकीच्या खोलीत तुझा फोटो लावलाय, आपल्या घरातल्यापेक्षा मोठा. हारही ताजा होता. कॉलेजातून निवृत्त झाली तरी अजून तिचं प्रत्येक वाक्य "बाई म्हणायच्या"ने सुरू होतं आणि पुढे ती जे सांगते ते बहुतेक मला ठाऊक नसतं. स्वतःच्या आईबद्दल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि वर हसून मान डोलवायची, हे मला अजून जमत नाही. निघताना कपाटात काचेमागे ती पितळी नळी दिसली. घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच होतं.

अण्णांची नोकरी तालुक्याच्या कचेरीत, म्हणून आपण पौडला राहायचो आणि तू रोज एस.टी.ने पुण्याला जायचीस. सकाळी कॉलेजात शिकवायचीस आणि दुपारनंतर प्रयोगशाळेत तुझं ते पॉर्फिरिन. संध्याकाळी तू उंबऱ्याशी पोचायच्या आत तुझा वास घरात यायचा, खवट तुपाचा. ज्या आम्लात तू ते उकळायचीस त्याचा तो वास, दोनदा साबण लावला तरी न जाणारा. अण्णा म्हणायचे, "आली बघ तुझी आई, नासकं लोणी घेऊन." तू हसायचीस आणि तशीच कणीक मळायला बसायचीस. बोटांच्या पेरांवर जांभळे डाग. एकदा तव्यावर पोळी टाकता टाकता तू मला सांगितलंस, की रक्त लाल का आणि पान हिरवं का, याच्या मुळाशी एकाच घडणीचं कडं असतं, तेच पॉर्फिरिन. कड्याच्या मधे एक जागा असते. रक्तात तिथे लोखंड बसतं, पानात मॅग्नेशियम. तू ते कडं स्वतः तयार करायचीस आणि मधल्या जागेत कधी तांबं, कधी जस्त बसवायचीस. पोळी करपली, पण मला त्या दिवशी वाटलं की आपणही हेच करायचं, आईच्या शेजारी उभं राहून.

धातू बसला की नाही हे नेमकं सांगणारं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं आणि तिथे तुझा नंबर महिन्यातून एखाद्या वेळी लागायचा. म्हणून शनिवारी तू नमुने बुचाच्या छोट्या बाटल्यांत भरून घरी आणायचीस आणि रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत, उजेडासमोर धरून, त्या पितळी नळीतून बघायचीस. नळीत उजेडाचे रंग एका ओळीत पसरलेले दिसायचे आणि त्यावर काळे पट्टे. कडं रिकामं असेल तर चार. धातू बसला की दोनच उरतात, आणि चौथा, लाल रंगातला, जातो. तोच जायला हवा. तो फिकाफिका जरी दिसला, तरी काही कडी रिकामी राहिली असं समजायचं.

आणि रविवारीच ती यायची. घोटावड्याहून, शेतावरच्या घरातून, कधी एस.टी.ने, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून. एम.एस्सी.ला तुझ्या हाताखाली होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तेव्हा नुकताच सायन्सला गेलो होतो. "तिला ताई म्हण," असं तू बजावलं होतंस. मी तिला काहीच म्हणायचो नाही. आंबेमोहोराच्या भातावर तूप आधी तिच्या पानात पडायचं. खिडकीतली जागाही तिचीच. ती डोळ्याला नळी लावून म्हणायची, "बाई, अजून हाय की. पार टोकाला. लई फिका हाय, पन हाय." आणि तू हातातलं काम टाकून तिच्याजवळ जायचीस, तिच्या खांद्यावर हात ठेवून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तुझा हात माझ्या खांद्यावर कधी पडला होता, ते मी आठवत बसायचो.

मला ते दिसायचं नाही. आज सरळ सांगतो. कडं रिकामं असलं तरी मला नेहमी तीनच पट्टे दिसायचे आणि त्यांच्या पुढे उजेडच संपायचा. मला वाटायचं, बघण्याची काहीतरी खुबी आहे जी तू तिला शिकवलीस आणि मला शिकवायची राहिली. जस्त पुरतं बसलेल्या बाटलीत मात्र तिला दोन दिसायचे आणि मलाही दोनच. ती बाटली मला फार आवडायची.

तो रविवार आठवतो का तुला? ती आली नव्हती, त्यांच्याकडे भातलावणी चालू होती. तुझे हात पिठात. "बघ रे, चौथा गेला का?" मी नळी उचलतो. डोळा लावतो, खिडकीच्या गजांना टेकून उभा राहतो, श्वास रोखून बघतो. दोनच पट्टे दिसतात. इतकं मन लावून मी आयुष्यात काही बघितलेलं नाही. "गेला," मी म्हणतो. तू खूश होतेस. "बरं झालं, तूच बघितलंस," म्हणतेस. त्या एका वाक्यावर मी चार दिवस तरंगत होतो.

गुरुवारी तू शेवटच्या गाडीने आलीस. चप्पलही न काढता म्हणालीस, "यंत्रावरचा नंबर वाया गेला माझा. फिका का होईना, चौथा होताच. तू बघितलंच नाहीस, मनानं सांगितलंस."

"बघितलं होतं, आई."

"मग दिसला कसा नाही?"

अण्णा म्हणाले, "जाऊ दे, पोर आहे." तू म्हणालीस, "पोर कसलं? न बघता सांगणाऱ्याच्या हातात मी माझं काम देणार नाही." त्यानंतर तू मला नळी कधीच दिली नाहीस. पुढच्या वर्षी ती पीएच.डी.ला निघाली तेव्हा तू ती रुमालात गुंडाळून, माझ्यादेखत, तिच्या हातात ठेवलीस. ती वाकून तुझ्या पाया पडली आणि रडली. मी मागच्या दारी जाऊन पाय धूत बसलो. वर्ष संपल्यावर कॉमर्सला गेलो. तू कारण विचारलंस, मी म्हणालो, कंटाळा आला. आपल्यात ते तसंच राहिलं आणि तू गेलीस.

तू गेल्यानंतर मला पिरंगुटच्या एका कारखान्यात हिशेबाची नोकरी लागत होती. तिथल्या डॉक्टरांनी तपासणीत एक पुस्तक पुढे केलं. पानावर रंगीत ठिपके, त्यांत लपलेले आकडे. निम्म्या पानांवर मला आकडेच सापडेनात. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला लाल रंग कमी दिसतो. टोकाचा तर जवळजवळ नाहीच. जन्मापासूनचं आहे. नोकरीला अडचण नाही, काळजी करू नका." मग विचारलं, "आईच्या वडिलांना होतं का असं काही?" आणि मला तूच हसत हसत सांगितलेलं आठवलं: आबांना झाडावरची लाल मिरची ओळखू यायची नाही, हिरवीबरोबर तोडून एकाच टोपलीत टाकायचे आणि आजी करवादायची. डॉक्टरांनी समजावलं, हे आईच्या बाजूने येतं. आईला स्वतःला सगळं नीट दिसतं, पण मुलाला ते तिच्याकडूनच मिळतं.

काल तिने कपाट उघडून नळी माझ्या हातात दिली. "बघ की खिडकीतनं. बाईंची हाय, तुझाबी हक्क हाय." मी नुसती हातात धरली, डोळ्याला लावली नाही. माझ्या डोळ्यांचं तिला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, कदाचित तुझ्या वतीने तिने माफीही मागितली असती. ते मला नको होतं. तुझ्या वतीने तिने अजून किती बोलायचं?

हे तुला कुठे पाठवणार? आणि ज्या घरात तुझा फोटो मोठा आहे तिथे तर मुळीच नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी डॉक्टरांकडून निघाल्यावर, मी खोटं बोललो नव्हतो हे आता तुला कधीच कळणार नाही, याचं वाईट वाटायला मला पौडपर्यंत पोचावं लागलं. एस.टी.त बसलो तेव्हा मला आधी आनंदच झाला होता, की हे तुझ्याकडून आलंय आणि तिला मिळालेलं नाही.