सर आत असताना

२७ जानेवारी १९५६
शाळा आज उघडली. म्हणजे फक्त दार. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून हेडमास्तर सावंतसरांना पोलिसांनी नेलं, आणि खडूपासून ॲसिडपर्यंत सगळ्या कपाटांच्या किल्ल्या सरांच्या घरी!

दुपारी त्यांच्या पत्नी राधाबाई स्वतः जुडगा घेऊन आल्या. "घ्या बाई. ह्यांचं काय, घर म्हणजे धर्मशाळा. पोरांचं अडू नये."

सर्वांत जुने रमाकांतमास्तर. त्यांनी जुडगा माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच बघा. सायन्सवाल्या तुम्ही. मला ब्लडप्रेशर!"

६ फेब्रुवारी
ज्याचा वर्ग, त्याच्याकडे त्याच्या कपाटाची किल्ली. एवढंच केलं — तास होऊ लागले. पूर्वी सर सभेला गेले की खडूसुद्धा त्यांची वाट पाहायचा.

अकरावीच्या कमलने आज पहिल्यांदा ब्युरेटची काचनळी हातात धरली. इतके दिवस मी ती फळ्यावर काढून दाखवत होते. "बाई, सरांना विचारलंय ना?" वर्ग हसला. मीही.

१४ फेब्रुवारी
एक वाक्य मनात आलं. लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी
लिहिते. सर नसताना शाळा बरी चालते.

लाज वाटली. गिरणगावातली दांडगी पोरं एकट्या मुलीला आवरणार नाहीत, म्हणून दोन शाळांनी मला परत पाठवलं होतं. सरांनी एका भेटीत घेतलं. तो माणूस आपल्या सगळ्यांसाठी कोठडीत, आणि मी त्याच्या पाठीमागे त्याला मार्क देते आहे.

२ मार्च
सर सुटले! मुलांनी नाक्यापासून खांद्यावर आणलं. केवढे वाळलेत. गर्दीत कमल माझ्या कानाशी — "बाई, आता प्रयोग पुन्हा फळ्यावरच?"
"गप्प बस," म्हटलं.

मग सरांनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगा हं. माझ्यावाचून अडलं का?"

गळ्यात हार तसेच होते. शर्ट अंगावर लोंबत होता.
"फार अडलं, सर."

त्यांचे डोळे भरले. एका वाक्याने कुणाचं काय बिघडतं!

३ मार्च
रमाकांतमास्तर सांगत होते — सर काल राजीनामा द्यायचं ठरवूनच आले होते. पूर्णवेळ चळवळीत जाणार होते, शाळा माझ्या हाती देऊन. आज बेत मोडला. "बाई स्वतः म्हणाल्या," असं सरांनी सांगितलं त्यांना. "पोरांना असं अडलेलं टाकून कसा जाऊ?"